सभागृहातला ठराव आणि गावची विहीर



आजच्या बोलण्यासाठी आम्ही एक साधा शब्द घेतला आहे. तो शब्द म्हणजे ठराव. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. ग्रामपंचायतीत ठराव होतो. सोसायटीत होतो. बायकांच्या बचत गटात होतो. मुंबई-नागपूरच्या विधानसभेत होतो आणि दिल्लीच्या संसदेतही होतो. माणसे एकत्र बसली, त्यांनी विचार केला, हात वर केले आणि जे ठरले ते वहीत लिहून ठेवले, की झाला ठराव.

पुष्कळ ठराव नालीचे असतात, रस्त्याचे असतात, दिव्याचे असतात. ते हवेतच. पण काही ठराव माणुसकीचे असतात. जन्मावरून माणसाला हलके लेखणे वाईट आहे, आणि सर्वांच्या पैशाने बांधलेल्या जागेत ते चालू देणार नाही, असे लोकांच्या प्रतिनिधींनी सभागृहात उभे राहून सांगितले. ते कधी सांगितले, कोणी सांगितले आणि पुढे त्याचे काय झाले, हे आज पाहू.

आमच्या रात्रीच्या वर्गात एका वयस्क बाबांनी मागे आम्हाला विचारले होते, "गुरुजी, कागदावर लिवल्यानं काय होते? विहिरीचं पानी तं विहिरीतच राह्यते ना?" प्रश्न खरा आहे. त्याला वरवरचे उत्तर देऊन चालणार नाही. म्हणून एक खरी हकीकत ऐका.

मुंबईचा ठराव

सन १९२३. देशात इंग्रजांचे राज्य होते. मुंबईला त्या वेळी प्रांताचे कायदे कौन्सिल होते. आजच्यासारखे सर्वांना मत नव्हते. ज्याच्याकडे जमीन, घर, पैसा, त्यालाच बहुधा मत मिळे. गरिबाला नाही आणि अस्पृश्य मानलेल्याला तर जवळजवळ नाहीच. अशा त्या कौन्सिलात सीताराम केशव बोले नावाचे एक सभासद होते. ते भंडारी समाजातले. मुंबईच्या कामगारांसाठी त्यांनी बरेच काम केले होते. लोक त्यांना रावबहादूर बोले म्हणत.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांचा ठराव कौन्सिलात मंजूर झाला. ठरावाचा अर्थ असा : सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत.

आज हे ऐकून तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? दवाखाना सर्वांचाच असतो. पण त्या काळी तसे नव्हते. कर सर्वांकडून घेत. त्या पैशातून विहीर खणत. आणि मग त्यातल्याच काही लोकांना सांगत, की तुम्ही पाण्याला हात लावायचा नाही. बाईने काठावर घागर ठेवून वाट पाहायची. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे. नाही आली, तर घागर रिकामीच घरी न्यायची. बोल्यांनी या गोष्टीवर बोट ठेवले. पैसा सर्वांचा, तर पाणीही सर्वांचे.

सरकारने ठराव मानला. खात्यांना हुकूम पाठवले. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना कळवले. पण पुष्कळ ठिकाणी तो कागद टेबलाच्या खणात गेला आणि तिथेच राहिला. विहिरी जशाच्या तशाच राहिल्या.

मग १९२६ साली बोल्यांनी दुसरा ठराव आणला. जी नगरपालिका किंवा जे बोर्ड पहिला ठराव पाळणार नाही, त्याला सरकारने पैशाची मदत देऊ नये, असा त्याचा अर्थ. नुसते सांगून भागेना, तेव्हा त्यांनी पैशाची नाडी धरली. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

महाडचे तळे

कोकणात महाड नावाचे गाव आहे. ते तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्याला आज रायगड म्हणतात. महाडला चवदार तळे म्हणून मोठे तळे आहे. ते नगरपालिकेच्या ताब्यात होते. तिथे हिंदू पाणी भरीत, मुसलमान पाणी भरीत, गुरेढोरेही पाणी पीत. मात्र अस्पृश्य मानलेल्या माणसाला तिथे मनाई होती.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली ठराव केला, की हे तळे सर्वांना मोकळे आहे. ठराव चांगला होता. पण तीन वर्षे कोणी तळ्यावर गेले नाही. जाणार कसे? ठराव वहीत होता आणि भीती मनात होती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला मोठी परिषद भरली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. कोकणातून आणि इतर भागांतून हजारो माणसे आली होती. दुसऱ्या दिवशी सारे जण रांगेने, शांतपणे तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. मागोमाग लोकांनी घेतले.

त्यांनी कोणाचे काही हिसकावले नाही. कायदा मोडला नाही. कौन्सिलाने जे करा म्हटले होते, नगरपालिकेने जे मोकळे केले होते, तेवढेच त्यांनी केले. तरीही गावात अफवा उठली, की हे लोक आता देवळात शिरणार. लाठ्या निघाल्या. परत निघालेल्या माणसांना मार बसला. पुष्कळांची डोकी फुटली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. पुढे काही लोकांनी तळ्यात शेण-गोमूत्र टाकून ते 'शुद्ध' केले. गुरे पाणी पीत होती तेव्हा तळे बाटले नव्हते. माणूस पाणी प्याला तेव्हा मात्र ते बाटले! मंडळी, यावर आम्ही वेगळे काय बोलावे? ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९२७ मध्ये, महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. म्हणजे बघा, हात वर करून केलेला ठराव हात वर करूनच मोडला. काही लोक न्यायालयात गेले. तळे आमचे आहे, जुनी वहिवाट आहे, असे त्यांनी म्हटले. डिसेंबर १९२७ मध्ये लोक पुन्हा महाडला जमले. पण न्यायालयाची तात्पुरती मनाई होती, म्हणून त्यांनी तळ्यावर जाणे तहकूब केले. कायद्याचा मान त्यांनी राखला. दावा खालून वर, वरून आणखी वर असा चालत राहिला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. जुन्या वहिवाटीचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही. तळे सर्वांना मोकळे झाले.

आता हिशेब करा. बोल्यांचा ठराव १९२३ चा. निकाल १९३७ चा. मध्ये १४ वर्षे गेली. एका तळ्याच्या घोटभर पाण्यासाठी १४ वर्षे!

मग बाबांच्या प्रश्नाचे उत्तर काय? ठरावाने पाणी मिळाले का? नुसत्या ठरावाने नाही मिळाले. पण ठराव नसता, तर तळ्यावर गेलेल्या माणसांना लोकांनी चोर म्हटले असते. ठराव होता म्हणून ती माणसे ताठ मानेने म्हणू शकली, की आम्ही आमच्या हक्काचे पाणी घेतो आहोत. आपल्या शेतीच्या भाषेत सांगायचे तर ठराव म्हणजे पेरणी. पेरल्याशिवाय उगवत नाही. पण पेरले आणि डवरण नाही, निंदण नाही, तर तणच माजते.

आपल्या वर्ध्याची गोष्ट

हे झाले कोकणातले. आता आपल्या जिल्ह्याकडे या.

वर्धा शहरातले लक्ष्मीनारायण मंदिर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते बजाज घराण्याने बांधले. शेठ जमनालाल बजाज यांनी १९२८ साली त्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या लोकांना उघडले. त्या काळी अशी गोष्ट करणे सोपे नव्हते. जमनालालजींना आपल्याच जातभाईंचा रोष पत्करावा लागला. पण त्यांनी दार पुन्हा लावले नाही. इथे सरकारचा हुकूम नव्हता, न्यायालयाचा निकाल नव्हता. ज्यांच्या हातात दार होते त्यांनी मनावर घेतले आणि ते उघडले.

पुढे ७ नोव्हेंबर १९३३ रोजी महात्मा गांधी वर्ध्याहूनच देशाच्या दौऱ्यावर निघाले. अस्पृश्यता सोडा, हे सांगत ते जवळजवळ नऊ महिने गावोगाव फिरले. १९३६ साली ते आपल्या जिल्ह्यातल्या शेगावला राहायला आले. तेच आजचे सेवाग्राम.

आपला जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात नव्हता. तो मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती. म्हणून बोल्यांचा ठराव इथे लागू नव्हता. आपल्या प्रांताच्या विधानसभेने १९४७ साली दोन कायदे केले. एक कायदा अनुसूचित जातींवरची सार्वजनिक बंधने काढून टाकणारा. दुसरा कायदा मंदिर-प्रवेशाचा.

इथे ठराव आणि कायदा यांतला फरक समजून घ्या. बोल्यांचा ठराव ही शिफारस होती. शिफारस म्हणजे 'असे करावे'. कायदा म्हणजे 'असे केलेच पाहिजे, नाही केले तर शिक्षा'. शिफारशीला पाय असतात, पण हात नसतात. कायद्याला हातही असतात.

देशाचा ठराव

देश स्वतंत्र झाला. संविधान लिहिण्यासाठी संविधान सभा बसली होती. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉक्टर आंबेडकर होते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. त्या वेळी सभागृहात महात्मा गांधींच्या नावाचा जयजयकार झाला. संविधानात हे कलम १७ वे आहे. २६ जानेवारी १९५० पासून ते लागू आहे. त्याचा अर्थ असा : अस्पृश्यता नष्ट केली आहे, ती कोणत्याही रूपात पाळायला बंदी आहे, आणि पाळली तर तो गुन्हा आहे.

त्यासाठी संसदेने १९५५ साली कायदा केला. विहीर, नळ, रस्ता, स्मशान, देऊळ, दुकान, हॉटेल, दवाखाना, शाळा यांपैकी कुठेही अस्पृश्यतेच्या कारणावरून माणसाला अडवले तर शिक्षा. १९७६ साली हा कायदा अधिक कडक केला. त्याचे नावही बदलले. त्याला आता नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. तसे अडवणाऱ्याला एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद आणि शिवाय दंड होतो. तेवढ्यानेही भागले नाही, म्हणून १९८९ साली अनुसूचित जाती व जमाती यांच्यावरचे अत्याचार रोखणारा आणखी कडक कायदा झाला.

बाहेरचे जग

माणसाला जन्मावरून हलके लेखण्याचा रोग आपल्याच देशात आहे असे नाही. इतर देशांत तो कातडीच्या रंगावर येतो. त्याला वंशभेद म्हणतात.

१८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना रात्रीच्या वेळी आगगाडीतून खाली उतरवले. त्यांच्याजवळ पहिल्या वर्गाचे तिकीट होते. पण कातडी काळी होती. पुढे त्या देशात गोऱ्यांचे सरकार होते. तिथल्या संसदेने भेद मोडण्याऐवजी भेदाचेच कायदे केले. १९५३ साली तर असा कायदा केला, की गोऱ्यांची जागा वेगळी, काळ्यांची वेगळी. बाक वेगळा, गाडी वेगळी, समुद्राचा किनाराही वेगळा. तशा पाट्या लावल्या. म्हणजे सभागृहात नेहमी चांगलेच होते असे समजू नका. सभागृहात कोण बसले आहे आणि त्यांना कोणी निवडले आहे, यावर ते असते. तिथे बहुतेक काळ्या माणसांना मत नव्हते.

भारताने १९४६ सालीच संयुक्त राष्ट्रसंघात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तक्रार नेली. तिथे आपल्या बाजूने श्रीमती विजयालक्ष्मी पंडित बोलल्या. राष्ट्रसंघाने ठराव केला. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तो मानला नाही. पण ठरावावर ठराव होत गेले, आतले लोक लढत राहिले, तुरुंगात गेले, मेले. नेल्सन मंडेला २७ वर्षे तुरुंगात होते. शेवटी १९९४ साली सर्वांनी मत दिले आणि मंडेला त्या देशाचे अध्यक्ष झाले. अमेरिकेतही १९६४ साली संसदेने कायदा करून हॉटेल, शाळा, नोकरी यांतला काळ्या-गोऱ्याचा भेद बंद केला. त्याआधी तिथल्या काळ्या लोकांना वर्षानुवर्षे रस्त्यावर यावे लागले.

महाड काय, आफ्रिका काय, रीत एकच दिसते. वर कागद झाला आणि खाली माणसे उठली, म्हणजेच काम पुढे सरकते.

आज काय आहे?

तुम्ही म्हणाल, हे सारे जुने झाले. आता नळ घरोघर आले. बसमध्ये कोण कोणाशेजारी बसतो, कोणी पाहत नाही. खरे आहे. पुष्कळ बदलले. पण सारे संपले असते, तर आमच्या राज्याच्या विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा का करावा लागला असता? जातपंचायतीने किंवा गावाने एखाद्या घराला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात आता गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ठरवले, की वस्त्यांना जातीवरून पडलेली नावे बदलावीत. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत. नाव बदलल्याने मन बदलते का? लगेच नाही. पण पत्ता सांगताना पोराची मान खाली जात असेल, तर ती वर तर येते!

आम्ही मुख्याध्यापक असताना एका गावच्या शाळेत एक गोष्ट पाहिली. गावाचे नाव सांगत नाही. शाळेत पाण्याचा रांजण होता. एका वस्तीची मुले रांजणाजवळ जात नसत. ओंजळ धरून उभी राहत. दुसरी मुले वरून पाणी ओतीत. कोणी तसा हुकूम दिला नव्हता. मुले घरून शिकून आली होती. आम्ही दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी संविधानाचे १७ वे कलम वाचून दाखवले. त्याचा अर्थ सांगितला. मग पाणी भरण्याची आणि वाढण्याची पाळी लावली. प्रत्येक वस्तीच्या मुलाची पाळी येई. पहिल्या आठवड्यात दोन घरांनी आपली मुले शाळेत पाठवली नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो. भांडलो नाही. एवढेच म्हटले, "पोराची परीक्षा जवळ आली आहे, त्याचं नुकसान करू नका. पाळी मात्र बदलणार नाही." आठ-दहा दिवसांनी मुले आली. पाणीही प्याली. कोणाला काही झाले नाही.

हे आम्ही मोठेपणासाठी सांगत नाही. एक कलम तिथे मोठ्याने वाचले गेले, आणि रोज पाळले गेले, म्हणून तो रांजण सर्वांचा झाला.

आपल्या हातात काय आहे?

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पूर्वी तुमच्यापुढे कागद यायचा आणि तुम्ही अंगठा लावायचा. त्या कागदात काय आहे, हे दुसराच कोणी सांगायचा. तो सांगेल ते खरे. आता तसे नाही. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. ग्रामसभेला जा. बायांनीही जा. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. त्याला कोणी बोलावण्याची गरज नाही आणि कोणी उठवू शकत नाही. मागे बसू नका. ऐकू येईल असे बसा.

दुसरी गोष्ट. ठराव झाला, की प्रोसिडिंगच्या वहीत तो काय लिहिला आहे ते वाचा. सभेत बोलले एक आणि वहीत लिहिले दुसरे, असे होऊ देऊ नका. वाचल्याशिवाय सही करू नका.

तिसरी गोष्ट. ग्रामपंचायतीची विहीर, नळ, समाजमंदिर, स्मशान, यांतली एखादी जागा कोणाला बंद असेल, तर ग्रामसभेत विचारा. ठराव मागा. ठरावात नुसते 'निषेध करण्यात येत आहे' एवढे लिहून थांबू नका. कोणत्या तारखेपासून, कोणी करायचे, आणि पुढच्या सभेत कोणी सांगायचे, हेही लिहून घ्या. बोल्यांना दुसरा ठराव का आणावा लागला, ते आठवा.

चौथी गोष्ट. तरीही कोणी अडवले, वाळीत टाकले, मारहाण केली, तर पोलीस ठाण्यात खबर द्या. खबर लिहून घेतल्यावर ती वाचून घ्या. तिची नक्कल फुकट मिळते. तो तुमचा हक्क आहे. ती नक्कल घरात जपून ठेवा.

आणि ज्यांना कोणी कधी अडवले नाही, त्यांनाही आमचे सांगणे आहे. महाडला तळे बंद होते, त्या वेळी ते उघडे करा म्हणणाऱ्यांत बोले होते. वर्ध्याला मंदिराचे दार उघडणारे जमनालालजी होते. त्या दोघांना पाण्यावाचून कोणी ठेवले नव्हते, देवापासून कोणी दूर केले नव्हते. तरी ते बोलले. शेजाऱ्याची घागर रिकामी जात असेल तर आपण काठावर उभे राहून नुसते पाहू नये. आधी त्याच्या बाजूने हात वर करावा. मग त्याच्या घागरीला हात लावावा.

येत्या १५ ऑगस्टला झेंडावंदन झाले, की ग्रामसभा भरेल. तुमच्यापैकी ज्यांना आता वाचता येते, त्यांनी वही पुढे घ्यावी आणि मागच्या सभेचे ठराव सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावेत. कोणते झाले, कोणते राहिले, ते विचारावे. अडखळलात तरी लाजू नका. एक एक अक्षर लावीत वाचा. लोक थांबतील.